खळग्याचा तळ

किडलेला भाग दातात तसाच ठेवून वरून काहीतरी बसवायचं, याला मी बरीच वर्षं लबाडी समजत आले. मोठ्या माणसाचं एक वेळ ठीक, तो जाब तरी विचारू शकतो. पण चार-पाच वर्षांच्या लेकराच्या दाढेत कीड ठेवून वर स्टीलची कॅप चढवणारा दंतवैद्य एकतर आळशी असतो किंवा घाईत असतो, असं माझं ठाम मत होतं. मी ते जाहीरपणे कधी बोलले नाही. पण एखाद्या मुलाच्या तोंडात दुसऱ्या कुणी केलेलं तसलं काम दिसलं की माझा चेहरा बोलायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्या आईला तो बरोबर कळायचा. आज मी स्वतः तेच काम करते, आणि पुष्कळदा तेच आधी सुचवते.

कराडमध्ये माझा दवाखाना आहे, फक्त लहान मुलांच्या दातांचा. आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: “दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत ना?” त्यावर मी तावातावाने बोलायची. सर्वांत मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. तोवर मूल तिनेच चावतं. ती फार आधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा अडते. हे सगळं खरं आहे, आजही मी हेच सांगते. पण दात महत्त्वाचा आहे हे पटवून दिलं की त्याच्यावर मी जे करीन तेही योग्यच असणार, असं मी मनाशी धरून चालले होते. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही, हे मला सुचलंही नव्हतं.

हे मत माझं एकटीचं नव्हतं, आम्हाला ते शिकवलेलं होतं. अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ साली दंतोपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. खळगा कोणत्या आकाराचा कोरायचा, कडा किती वाढवायच्या, कोपरे कसे ठेवायचे, याचे त्यांचे नियम आम्ही पुढच्या शतकातही गिरवत होतो. ते नियम त्या काळच्या चांदीच्या फिलिंगसाठी चोख होते. चांदी, कथील, तांबं आणि जवळजवळ निम्मा पारा यांचं ते मिश्रण दाताला चिकटत नाही. ते टिकायचं तर त्याला आत अडकून बसायला पेटी कोरून द्यावी लागते, म्हणजे कीड काढून झाल्यावरही चांगला दात कापावा लागतो. दुधाच्या दातात ही चैन परवडणारी नव्हे. त्याचं वरचं कवच पक्क्या दाताच्या निम्म्या जाडीचं असतं, आणि आतली नस मोठी आणि पृष्ठभागाच्या फार जवळ असते. हे आम्ही परीक्षेत लिहायचो आणि संध्याकाळी पेटी कोरायचो. खळग्याच्या तळावर प्रोब ओढला की टणक दाताचा जो आवाज येतो, तो ऐकू येईपर्यंत खरवडत राहायचं. तळ स्वच्छ दिसला म्हणजे काम चांगलं झालं, असा तो संस्कार होता.

पुढे चांदी मागे पडली. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला, आणि २०२२ मध्ये करारातल्या देशांनी दुधाच्या दातांत व पंधरा वर्षांखालच्या मुलांत हे फिलिंग वापरू नये असं ठरवलं. मी त्याच्या किती तरी आधी दाताच्या रंगाच्या कंपोझिटकडे वळले होते. त्यामागचं कारण पारा नव्हता, मला ते देखणं दिसायचं. त्याच्या जोडीला ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट होतं. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते शोधलं. ते दाताला स्वतःहून धरतं, थोड्या ओलाव्यात निभावून नेतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. रडणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या, दोन मिनिटं तोंड उघडं न ठेवणाऱ्या मुलासाठी याहून समजूतदार पदार्थ शोधून सापडला नसता. मी त्याला तात्पुरतं सिमेंट म्हणायची. कंपोझिटला अगदी कोरडा दात लागतो, कडक होताना ते किंचित आकसतं, आणि दोन दाढांच्या मधल्या फटीत हिरडीजवळची कड नीट सांधली गेली नाही तर तिथून पुन्हा गळती सुरू होते. हे माहीत असूनही मी तेच भरायची, कारण संध्याकाळी फोटो काढल्यावर ते सुंदर दिसायचं.

आणि या सगळ्याच्या खाली एक भीती होती. उद्या माझ्या पेशंटचा एक्स-रे दुसऱ्या कुणी काढला, आणि माझ्या फिलिंगखाली त्याला काळी सावली दिसली, तर तो काय म्हणेल? मुलाच्या भल्याचं नाव घेऊन मी कित्येकदा या न पाहिलेल्या डॉक्टरसाठी खरवडत होते.

स्कॉटलंडमधल्या नोर्ना हॉल यांच्या पद्धतीबद्दल मी वाचलं तेव्हा माझं मन आधीच बंद होतं. त्या साध्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्य. मुलांच्या किडक्या दाढांवर त्या इंजेक्शन न देता, मशीन न लावता, कीड न काढता तयार स्टीलच्या कॅप सिमेंट भरून बसवायच्या आणि सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या. त्या नोंदी डंडीच्या संशोधकांनी पाहिल्या आणि रीतसर चाचणी केली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर अशी कॅप, दुसरीवर नेहमीचं फिलिंग. अशी १३२ मुलं होती. २००७ साली पहिला निकाल छापून आला. मी सारांश वाचला आणि ठरवून टाकलं, की तिकडच्या डॉक्टरांना फिलिंग नीट करता येत नसणार. पूर्ण लेख वाचला नाही. न वाचता एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामावर शेरा मारणं किती सोपं असतं!

माझ्या मताला पहिला तडा लेखाने गेला नाही, तो एका मुलीच्या तोंडात गेला.

गळीत हंगामात आमच्या भागात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. दिवाळीच्या सुमारास उतरतात, कारखान्याचा पट्टा पडला की परततात. अशाच एका टोळीतली साडेचार वर्षांची मुलगी आजीबरोबर आली. खाली दोन्ही बाजूंना दाढा किडलेल्या. उजवीकडे दोन दाढांच्या मधोमध खळगा होता, त्यात भाकरी अडकून दुखायचं. डावीकडच्या दाढेच्या भिंती कधीच कोसळल्या होत्या आणि मधला मऊ, तपकिरी भाग उघडा पडला होता. ती दुखत नव्हती. मी दुखऱ्या बाजूने सुरुवात केली.

आजीने तिचे हात धरले, माझ्या मदतनीस बाईंनी डोकं. इंजेक्शन दिलं. ती ओरडली, मग रडली, मग रडून थकली, आणि ती थकल्यामुळे मला काम नीट करता आलं. तळ टणक लागेपर्यंत मी खरवडत गेले. आत पिवळसर, स्वच्छ दात दिसला. कंपोझिट भरलं, निळ्या प्रकाशाने कडक केलं, कड घासून गुळगुळीत केली. मी समाधानी होते. तिच्या रडण्यापेक्षा खळग्याच्या तळाचा रंग मला महत्त्वाचा वाटला होता, आणि तसा तो वाटल्याची मला त्या दिवशी जाणीवही नव्हती. डावी बाजू पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं. निघताना सवयीने फ्लोराइडच्या पेस्टची ट्यूब आजीच्या हातात दिली आणि तोवर दोन्हीकडे सकाळ-संध्याकाळ घासत जा म्हणून सांगितलं. ते कुणी करील असं मला वाटत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. टोळी दुसऱ्या फडावर गेली होती.

पुढच्या हंगामात ती पुन्हा आली. उजवा गाल सुजलेला, मी भरलेल्या दाढेखाली हिरडीवर पूची पुळी. फिलिंग जागच्या जागी होतं, वरून अजूनही चकाकत होतं. एक्स-रेत मुळांच्या मधलं हाड खाल्लेलं दिसलं. दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता. जिथे मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं, ती ही दाढ.

मग डावीकडे पाहिलं. जिला मी हातही लावला नव्हता तिथे काय झालं असेल, या विचाराने माझा जीव आधीच धास्तावला होता. दाढ काळीकुट्ट होती, आणि चकचकीत. मी प्रोब टेकवला. तो रुतायला हवा होता, पण घसरला. पुन्हा दाबून पाहिलं. दुसरा प्रोब घेतला, धारदार. तोही घसरला. गेल्या वर्षी जो भाग चमच्याने निघाला असता, तिथे आता प्रोबचा तोच आवाज येत होता, जो ऐकू यावा म्हणून मी उजवीकडे एवढा छळ मांडला होता. एक्स-रेत मुळं निरोगी होती, आणि खळगा व नस यांच्या मध्ये दाताने स्वतःच नवा थर घातला होता.

“हिला काही लावलं होतं का?” मी आजीला विचारलं.

“न्हाई वं बाई. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, घासायला. म्या बोटानं घासते तिचे दात. ती पेस्ट सरली, मंग तसलीच आणली.”

माझी पहिली भावना आनंदाची नव्हती. मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. डोक्यात सबबी सुरू झाल्या: त्या दिवशी लाळ आली असेल, मुलगी हलली असेल, उजवीकडची कीड आधीच नसेपर्यंत पोचली असेल. यातली एखादी खरीही असेल. ती दाढ किडीने गेली, माझ्या मशीनने गेली की कडेच्या गळतीने, हे मला कधीच कळणार नाही. पण मी त्या दिवशी काहीच केलं नसतं तर ती दाढ याहून वाईट झाली असती, असं मात्र मला कुठल्याही सबबीच्या जोरावर म्हणता येईना. आणि दाढ काढायला पुन्हा खुर्चीवर घ्यायचं म्हटल्यावर ती आजीच्या पदरात शिरली, बाहेर यायला तयार होईना. ही भीती तिच्या मनात मी घातली होती. पुढे पक्क्या दाताला काही झालं तरी ती डॉक्टरकडे शेवटच्या क्षणापर्यंत जाणार नाही, आणि त्याला मी कारण असेन.

एका मुलीच्या दोन दाढांनी काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी पुन्हा वाचायला बसले, या वेळी पूर्ण.

हॉल पद्धतीच्या त्याच चाचणीचे पाच वर्षांनंतरचे आकडे आले होते. नस मरणं, गळू होणं असे मोठे बिघाड कॅप बसवलेल्या दाढांत सुमारे ३ टक्के, नेहमीच्या फिलिंगमध्ये सुमारे १६.५ टक्के. त्याच्याही आधी, १९९८ साली, अमेरिकेतल्या मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पक्क्या दातांत कीड आत ठेवून वरून घट्ट बंद केलेल्या फिलिंगखाली ती पुढे सरकलीच नव्हती. कारण समजायला अवघड नाही. कीड म्हणजे कुजलेला पदार्थ नव्हे, ती चालू असलेली क्रिया आहे. दातावरच्या थरातले जंतू साखर खातात, आम्ल सोडतात, आम्ल दात विरघळवतं. झाकण खरोखर घट्ट असेल तर आत अडकलेले जंतू रसद तोडलेल्या किल्ल्यातल्या शिबंदीसारखे होतात. आणि झाकण न लावताही तीच क्रिया थांबू शकते, जर खळगा उघडा असेल, रोज घासला जात असेल आणि फ्लोराइड मिळत असेल. आजीच्या बोटाने नेमकं हेच केलं होतं. उजवीकडचा खळगा दोन दाढांच्या मध्ये होता, तिथे बोट पोचलं नसतं. त्याला झाकणच हवं होतं, पण माझ्या झाकणाहून चांगलं.

पहिली कॅप मी एका पाच वर्षांच्या मुलाला तशा पद्धतीने बसवली. आधी दाढांच्या फटीत रबराच्या छोट्या रिंगा घालून काही दिवस जागा करून घेतली. मग मापाची कॅप निवडली, त्यात ग्लास आयोनोमर भरलं, दाढेवर ठेवली आणि म्हटलं, “चाव जोरात.” तो चावला. तेवढंच. पहिले काही दिवस चावा उंच लागतो, काही आठवड्यांत आपोआप जुळतो. तो मुलगा हसत खाली उतरला आणि मी मात्र अपराध केल्यासारखी हात धूत उभी राहिले. त्याला पुढच्या तपासणीला बोलावून एक्स-रे काढेपर्यंत मला चैन नव्हतं. दाढ उत्तम होती. ती पुढे तिच्या वेळेला पडली.

एसडीएफचं वळण पडायला मला त्याहून जास्त वेळ लागला. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे जपानमध्ये विकसित झालेलं औषध. ओसाकाच्या मिझुहो निशिनो यांचा त्यावरचा प्रबंध १९६९ चा. ३८ टक्क्यांचं द्रावण इवल्याशा ब्रशने किडीवर लावायचं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ झालेला दात टणक करतं. सुई नाही, मशीन नाही, काही मिनिटांचं काम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं, त्याच वेळी माझ्या ‘तात्पुरत्या’ ग्लास आयोनोमरलाही. अट एकच: किडलेला भाग कायमचा काळा होतो. लहान मुलाचा पुढचा दात मी माझ्या हाताने काळा करायचा, हे मला सोसत नव्हतं. ती काळी, टणक दाढ डोळ्यांनी पाहिलेली असूनही. आता वाटतं, त्या सोसण्याचा मुलाशी संबंध नव्हताच. दोन वर्षांच्या लेकराला काळ्या दाताची लाज वाटत नाही. त्याला दुखतं तेव्हा दुखतं, आणि चार मोठ्या माणसांनी धरून ठेवलं की ते भितं. एवढंच त्याचं म्हणणं असतं. फार लहान मुलांत याला पर्याय म्हणून कितीदा पूर्ण भूल द्यावी लागते, तिचा खर्च आणि धोका काय, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी काळ्या रंगाला भीत होते.

अर्थात प्रत्येक दाताला हे चालत नाही. मुलाला झोपेतून उठवणारं दुखणं असेल, हिरडीवर पुळी असेल, एक्स-रेत मुळांजवळ सावली असेल, तर नस गेलेली असते. अशा दाढेवर कॅप चढवणं किंवा औषध लावून ‘काळं झालं म्हणजे बरं झालं’ म्हणणं हा अन्याय आहे, आणि तोही मी आता पाहते. नवीन काही डॉक्टर एक्स-रे न काढताच ब्रश फिरवून मोकळे होतात. तिथे मशीन लागतं, भूल लागते, कधी दाढ काढावीच लागते. आणि ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त मुलांवर झालेल्या चाचणीचा २०२० सालचा निकाल मला अजून अस्वस्थ करतो. नेहमीची फिलिंग, कीड आत बंद करणं, आणि कुठलंच फिलिंग न करता फक्त प्रतिबंध, या तीन गटांत दुखणं किंवा पू होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं: ४२, ४० आणि ४५ टक्के. म्हणजे मी कशाने झाकते यावर एवढं रक्त आटवलं, आणि दर शंभरातल्या चाळीस मुलांना त्रास झालाच. खुर्चीवर येण्याआधी घरात काय घडतं, बाटलीतलं गोड दूध, दिवसभर हातात असलेलं बिस्किट, रात्री न घासता झोपणं, तिथेच बराचसा निकाल लागून गेलेला असतो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा दिसली, आणि ती सांगताना जास्त जड जातं. एसडीएफ वापरू लागल्यावर मी ते कुणाला सुचवते, याकडे एकदा माझ्या मदतनीस बाईंनीच लक्ष वेधलं. “मॅडम, बंगल्यातल्या मुलांना तुम्ही काळं औषध सांगतच नाही.” मी रागावले नाही, कारण उत्तर नव्हतं. टोळीतल्या, वीटभट्टीवरच्या मुलांसाठी काळा दात मला पटकन चालायला लागला होता. डॉक्टर-इंजिनिअरांच्या मुलांपुढे माझी जीभ अजून झिर्कोनियाच्या पांढऱ्या कॅपकडे वळत होती, जरी तिच्यासाठी दात जास्त कापावा लागतो आणि मूल जास्त वेळ बसवावं लागतं. गरिबाच्या पोराला रंग काय करायचा आहे, असं मी म्हटलं नव्हतं. पण मी वागत तशीच होते.

तेव्हापासून सगळ्यांना सगळे पर्याय सारख्याच क्रमाने सांगते, काळ्या डागाचा फोटो दाखवते, पैसे सांगते, त्रास किती ते सांगते, आणि गप्प बसते. गप्प बसणं मला सर्वांत अवघड जातं. एका भूलतज्ज्ञ बाईंनी आपल्या मुलीसाठी क्षणाचाही विचार न करता काळं औषध निवडलं. तिला भूल द्यायची नाही, एवढंच त्या म्हणाल्या. आणि एका ऊसतोड कामगाराने फोटो बघून मान हलवली. “बाई, आमच्या पोरीला शाळेत घालायचीय. पुढचे दात काळे नकोत.” त्याला मी कशाला समजावू? तिच्या वरच्या चार दातांना मी आधी एसडीएफ लावलं, आणि नंतर त्यावर पांढरं ग्लास आयोनोमर भरलं. कडेला किंचित काळसर छटा राहिली. सिमेंट मधूनमधून तुटेल, परत भरावं लागेल, हेही सांगितलं. पुढच्या हंगामात तो तिला घेऊन आला, दोन दात पुन्हा भरून घेतले, आणि मागच्या दाढांना चालत असेल तर ते काळं औषध लावा म्हणाला.